एक लाख वीस हजार भागिले बंध

क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडायला जास्तीत जास्त किती वेव्हलेंथचा प्रकाश चालेल? बॉन्ड एनर्जी २४२ किलोज्यूल पर मोल. अकरावीचं गणित आहे, सीईटी-नीटच्या प्रत्येक जाडजूड पुस्तकात कुठे ना कुठे सापडतंच. मी गंगापूर रोडला केमिस्ट्रीच्या बॅचेस घेते, पावसाळा सुरू झाला की हे गणित फळ्यावर येतं, आणि दर वर्षी कोणी ना कोणी ८.२ गुणिले १० चा उणे ३१ वा घात मीटर असं उत्तर काढून, त्याला छान चौकट करून, पेन खाली ठेवून मोकळं होतं.

ते उत्तर बघून मला राग येत नाही, खरं तर मजा वाटते, कारण प्रोटॉनचा आकार साधारण १० चा उणे १५ वा घात मीटर, आणि हा प्रकाश त्याच्यापेक्षाही पंधरा शून्यांनी बारीक. असला प्रकाश विश्वात कुठे असेल तर त्याच्यापुढे क्लोरीनचं काय घेऊन बसलात. झालेलं एवढंच असतं की पोरगा ॲव्होगॅड्रोला विसरला. २४२ किलोज्यूल ही मोलभर बंध तोडायची किंमत आहे, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढ्या बंधांची. फोटॉन, म्हणजे प्रकाशाची एक पुडी, मात्र एकेकट्या रेणूला भेटतो, आणि वेव्हलेंथ जितकी आखूड तितकी त्या पुडीतली ऊर्जा जास्त. तेव्हा आधी २,४२,००० ज्यूलला त्या राक्षसी आकड्याने भागायचं, एका बंधाच्या वाट्याला येतात ४.०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात ज्यूल. मग प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, म्हणजे १.९८६ गुणिले १० चा उणे २५ वा घात, भागिले ते. उत्तर ४.९४ गुणिले १० चा उणे ७ वा घात मीटर, म्हणजे ४९४ नॅनोमीटर. निळसर हिरवा रंग, डोळ्याला दिसणारा, अगदी घरगुती.

दुसरा एक शॉर्टकट आहे, तो मी मुद्दाम उशिरा सांगते, कारण आधी सांगितला की पोरं ॲव्होगॅड्रोला कायमचीच विसरतात. सगळे स्थिरांक एकदाच गुणून ठेवले की १,१९,६२७ असा आकडा मिळतो, त्याला किलोज्यूल पर मोलमधल्या बॉन्ड एनर्जीने भागा, उत्तर थेट नॅनोमीटरमधे. तोंडी करायचं तर एक लाख वीस हजार धरा, परीक्षेतल्या चार पर्यायांपैकी बरोबर तो ओळखायला तेवढं पुरतं. आयोडीन १५१, म्हणजे ७९२ नॅनोमीटर, लाल रंगाच्याही पलीकडे. ब्रोमीन १९३, म्हणजे ६२०, नारिंगी. कार्बन-कार्बन एकेरी बंध ३४७, म्हणजे ३४५, आता आपण यूव्हीत, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशात शिरलो. कार्बन-हायड्रोजन ४१३, म्हणजे २९०. ऑक्सिजनचा दुहेरी बंध ४९८, म्हणजे २४०. आणि नायट्रोजनचा तिहेरी ९४५, म्हणजे १२७, तिथपर्यंत जायला सूर्यालाही कष्ट पडतात. हा तक्ता फळ्यावर उतरवून झाला की मी एक मिनिट गप्प बसते, कारण नायट्रोजनने भरलेल्या हवेत आपण बिनधास्त उन्हात का फिरू शकतो ते त्यात लिहिलेलं असतं, ज्याला दिसायचं त्याला दिसतं.

मग प्रश्न येतो, नेहमी मागच्या बाकावरून. मॅडम, ४९४ च्या जागी लाल प्रकाश घेतला पण खूप सारा घेतला तर? मोठ्ठा हॅलोजनचा दिवा लावला तर? प्रश्न चांगला आहे. ७०० नॅनोमीटरचा लाल फोटॉन मोलामागे १७१ किलोज्यूल आणतो, हवेत २४२, म्हणजे दोघांनी मिळून आणले की काम व्हायला हवं. पण फोटॉनांची भिशी लागत नाही. प्रत्येकाने आपापले पैसे आणून एकाच्या हातात ठेवायचे असा कारभार तिथे नाही, एका रेणूला एकच फोटॉन, त्याच्याकडे पुरेसे असले तर बंध तुटतो, नसले तर तो कितीही जणांना घेऊन आला तरी उपयोग शून्य. प्रकाश असा पुड्यांनी येतो हे १९०५ साली आईनस्टाईनने मांडलं आणि पुढे एक फोटॉन-एक रेणू हा नियम स्टार्क आणि आईनस्टाईन या दोघांच्या नावावर जमा झाला. (फार तीव्र लेझर असेल तर दोन फोटॉन एकदम शिरू शकतात, मारिया गोपर्ट-मायरने १९३० च्या आसपास आपल्या पीएचडीच्या प्रबंधात ते गणिताने दाखवलं होतं, आणि लेझर आल्यावर १९६१ मधे ते प्रत्यक्ष दिसलं. पण हॅलोजनने नाही होत. आणि हे बारावीला येत नाही, हे सांगितलं की अर्धा वर्ग वही मिटतो.)

इथपर्यंत सगळं पुस्तकात असतं. मला जे सांगायचंय ते पुस्तकात दोन ओळीत उरकलेलं असतं, किंवा नसतंच.

हायड्रोजन घ्या. बंध ४३६, शॉर्टकट लावा, २७४ नॅनोमीटर. आता एका नळीत शुद्ध हायड्रोजन भरा आणि २७४ चा दिवा लावून बसा, काय होईल? काहीही होणार नाही. तास बसा, महिना बसा. हायड्रोजनला तो प्रकाश दिसतच नाही, आरपार निघून जातो. त्याची भूक सुरू होते ती साधारण ११० नॅनोमीटरच्या खाली. पैसे पुरेसे आहेत पण घेणाराच नाही. प्रकाश आधी शोषला जायला पाहिजे, मगच तो काही करू शकतो, ही गोष्ट ग्रोटहुसने १८१७ मधे सांगून ठेवली होती, फोटॉनचा पत्ताही नव्हता तेव्हा, आणि नंतर अमेरिकेत ड्रेपरने ती पुन्हा शोधली. तेव्हा गणितातून येणारा आकडा ही फक्त अट आहे, आणि पोरं तिला उत्तर समजतात, पोरंच कशाला, शिकवणारेही समजतात, त्यात नवल नाही कारण पेपरात तेवढ्यालाच मार्क असतात.

क्लोरीनचंही तसंच. ४९४ ला दार किलकिलं होतं, पण तो खरा प्रकाश खातो ३३० च्या आसपास. व्हायोलेटचं थोडंसं शेपूट तो गिळतो म्हणून तो पिवळट हिरवा दिसतो. हायड्रोजन आणि क्लोरीन एकत्र भरलेली नळी उन्हात धरली तर स्फोट होतो, लाल प्रकाशात ठेवा, शांत. आणि त्या स्फोटातली गंमत अशी की फोटॉन तोडतो फक्त एक क्लोरीन, पुढे त्या सुट्या अणूंनी साखळी सुरू केली की एका फोटॉनमागे लाखभर रेणू हायड्रोजन क्लोराइड तयार होऊ शकतं. तोडणारा एकच, बाकी सगळे आपापसात.

या अटीचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या डोक्यावर आहे. जुन्या फ्रिजमधला सीएफसी गॅस, त्यात कार्बन-क्लोरीन बंध, साधारण ३३० किलोज्यूल, म्हणजे ३६० नॅनोमीटरच्या आसपास. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात ३६० चा यूव्ही भरपूर असतो, म्हणजे गणिताप्रमाणे हा गॅस अंगणातच तुटायला हवा होता, आणि तुटला असता तर फार बरं झालं असतं. पण तो हा प्रकाश शोषत नाही. त्याला लागतो २३० च्या खालचा, आणि तो खाली येतच नाही, वरच अडतो. म्हणून हे रेणू वर्षानुवर्षं धड राहून हळूहळू वर चढतात, स्ट्रॅटोस्फिअरमधे पोचले की तिथे त्यांना हवा तो प्रकाश मिळतो, क्लोरीन सुटतो, आणि तो ओझोनच्या मागे लागतो. रोलंड आणि मोलिना यांनी हे १९७४ मधे मांडलं, १९९५ मधे क्रुटझनबरोबर नोबेल मिळालं. नुसतं भागाकार करून कोणी थांबलं असतं तर हा गॅस निरुपद्रवी ठरला असता.

आता घरची गोष्ट. माझा धाकटा भाऊ दिंडोरीकडे असतो, शेती, त्यात थोडं पॉलीहाऊस, गुलाब. एका उन्हाळ्यात त्याचा फोन आला, ताई, पेपर गेला. पेपर म्हणजे पॉलीहाऊसवरचा प्लॅस्टिकचा, दोनशे मायक्रॉनचा. दुकानदाराने तीन वर्षं सांगितली होती, त्याच्या आतच पांढुरका पडून फाटायला लागला. दुकानदार म्हणे तुम्ही फवारण्या जास्त करता. भाऊ म्हणे, अगं फवारणी झाडावर करतो की पेपरवर? तुझ्या केमिस्ट्रीत बघ ना याचं काही.

मी गेले तेव्हा त्याने शिडी लावून एक तुकडा कापून दिला. मधला भाग अजून बरा होता, वाकवला तर वाकायचा. पण जिथे तो जीआय पाइपावर टेकला होता तिथे पाइपाच्या रुंदीएवढा पट्टा, बोटांनी दुमडला की कट्कन तुटायचा, कडेला पांढरी भुकटी. पाइप दुपारी हात लागणार नाही असा तापतो, आणि उष्णतेने पुढचं सगळं जलद होतं, त्यामुळे पेपर नेहमी पाइपावरच आधी जातो, हे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत असतं, काही जण पाइपाला पांढरा रंग मारतात ते त्यासाठीच.

त्याच्या ओट्यावर बसून मी त्याला भागाकार करून दाखवला. पॉलिथिनमधे कार्बन-कार्बन, ३४५ नॅनोमीटर. ऊन जमिनीवर येतं ते साधारण ३०० पासून पुढे. म्हणजे ऊन तोडू शकतं. झालं? तो म्हणाला, झालं ना मग, ऊनच तर तोडतंय. मी म्हटलं नाही, थांब, शुद्ध पॉलिथिन हा प्रकाश शोषतच नाही. मग कोण शोषतं? शोषते ती घाण. पेपर ओढताना मशीनमधे प्लॅस्टिक वितळवतात, त्या उष्णतेत थोडा ऑक्सिजन चिकटतो, साखळीवर कुठे कार्बोनिल तयार होतं, कुठे पेरॉक्साइड, शिवाय कॅटॅलिस्टचे कण राहिलेले असतात. हे थोडेसे बाहेरचे पाहुणे यूव्ही पकडतात. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तर कार्बन-कार्बनच्या निम्म्यातच तुटतो. एकदा तुटला की सुटे तुकडे शेजारच्या साखळीतून हायड्रोजन ओढतात, त्यावर हवेतला ऑक्सिजन बसतो, नवं पेरॉक्साइड, परत ऊन, परत तेच. आधी कुठेतरी थोडीशीच घाण असते, मग ती पसरत सगळीकडे.

म्हणून पेपरात स्टॅबिलायझर घालतात. काही रसायनं यूव्ही स्वतः पितात आणि उष्णता करून सोडून देतात. दुसरी, अमाइन जातीची, प्रकाशाला हात लावत नाहीत, ती ते सुटे तुकडे पकडून गप्प करतात, आणि हीच जात जास्त टिकाऊ. पण अमाइन म्हणजे बेस, आणि बेसला आम्ल भेटलं की कारभार आटोपला. मी त्याला विचारलं, भुरीला, त्या पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला, काय वापरतोस? तो म्हणाला, सल्फर, अजून काय, रात्री धुरी देतो.

तर दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता. गंधकाची धुरी वर जाऊन पेपरला आतून बसते, तिच्यापासून होणारं आम्ल त्या अमाइनना निकामी करतं, आणि मग पेपर उघडा पडतो. मला राग त्याचा आला की हे विकतानाच सांगायला हवं होतं, गुलाबवाल्याला सल्फर लागणारच हे दुकानदाराला माहीत नसतं का? सल्फर सहन करणारे पेपर मिळतात, महाग असतात. भावाने पुढच्या वेळी तो घेतला, आणि धुरीच्या जागी जमेल तिथे दुसरं औषध. आणि हो, ड्रिपची नळी काळी का, हे त्याने स्वतःहूनच विचारलं. तिच्यात कार्बन ब्लॅक असतो, सगळा प्रकाश वरच्यावर खाऊन टाकतो, आतल्या पॉलिथिनपर्यंत काही पोचतच नाही. पेपरात ते घालता येत नाही, नाहीतर गुलाबांनी काय अंधारात फुलायचं?

तोडायच्या गणितात न बसणारी एक गोष्ट मात्र मला भाचीच्या बाळंतपणात भेटली. बाळाला कावीळ, तिसऱ्या दिवशी निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांना पट्टी, अंगावर फक्त लंगोट. घरात लगेच कुजबुज, बाळाला यूव्ही लावलंय म्हणे. आजी म्हणाल्या, आमच्या वेळी सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायचे, दिवे कसले. गंमत म्हणजे ही पद्धत सापडली तीही तशीच. इंग्लंडमधे रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात फिरवून आणायच्या, आणि १९५६ मधे त्यांच्या लक्षात आलं की जिथे ऊन लागलं तिथली कातडी पिवळी राहिली नाही. तिथल्याच एका रक्ताच्या नमुन्याची बाटली खिडकीत उन्हात राहिली तर त्यातलं बिलिरुबिन कमी भरलं. १९५८ मधे क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ते लॅन्सेटमधे छापलं.

तो दिवा यूव्ही नसतो, निळा असतो, ४६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे २६० किलोज्यूल. एवढ्यात बिलिरुबिनमधला कार्बन-कार्बन दुहेरी बंध तुटेल का? तक्ता म्हणतो ६१४ लागतात, १९५ नॅनोमीटर, अशक्य. पण तोडायचा कुणाला आहे? दुहेरी बंधातला दुसरा हात क्षणभर सुटला तरी पुरे, ६१४ वजा ३४७ म्हणजे २६७, उत्तर ४४८. (हे ४६० च्या इतकं जवळ येतं ते थोडं फसवं आहे, लांब रेणूंत हे आकडे असे सरळ वजा होत नाहीत, पण दिशा तीच.) तेवढ्या क्षणात रेणू त्या बंधाभोवती फिरतो, नवा आकार घेतो, आणि नव्या आकाराचं बिलिरुबिन पाण्यात विरघळून बाळाच्या शरीरातून बाहेर पडतं, ज्या कामाला लिव्हर अजून तयार नसतं ते काम प्रकाशाने केलेलं असतं. आजींना मी एवढंच सांगितलं की दिवा म्हणजे तुमचं कोवळं ऊनच, त्यातलं भाजणारं काढून टाकलेलं, आणि किती वेळ ठेवायचं ते डॉक्टर रक्त तपासून ठरवतात, आपण गॅलरीत अंदाजाने नाही.

पाण्याच्या यूव्ही फिल्टरचंही असंच उलटं आहे. आतल्या मर्क्युरीच्या दिव्याचा प्रकाश २५४ नॅनोमीटर, ४७१ किलोज्यूल, कार्बनचे बंध तोडायला भरपूर. पण जंतू मरतो तो तुटून नाही, जोडून. डीएनएवरचे शेजारी-शेजारी बसलेले दोन थायमिन हा प्रकाश शोषून एकमेकांना चिकटतात, आणि मग त्या डीएनएची प्रत काढता येत नाही. दिव्याची नळी क्वार्ट्झची, कारण साधी काच २५४ ला अडवते. त्याच मर्क्युरीतून १८५ चाही प्रकाश निघतो, ६४७ किलोज्यूल, तो हवेतला ऑक्सिजन तोडून ओझोन करतो, म्हणून नुसतं जंतू मारायच्या दिव्यांत तो मुद्दाम अडवतात.

मोबाईल टॉवरचं एका ओळीत सांगते, कारण सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तोच मेसेज फिरतो. अडीच गिगाहर्ट्झच्या लहरीचा फोटॉन मोलामागे साधारण एक ज्यूल आणतो, किलोज्यूल नाही, ज्यूल. आयोडीनचा लेचापेचा बंधसुद्धा त्याच्यापेक्षा दीड लाख पट मागतो, आणि भिशी लागत नाही हे वर सांगितलंच. अंग तापवण्याचा मुद्दा वेगळा, त्याचे नियम वेगळे, पण बंध तोडण्याच्या बाबतीत त्या टॉवरने जरा शांत झोपावं.

यंदाच्या युनिट टेस्टला मी क्लोरीन घातलाच नाही. दुकानात नोट तपासायला ठेवतात तो यूव्ही दिवा, ३६५ नॅनोमीटरचा. आपली करन्सी नोट प्रेस नाशिकरोडलाच, १९२८ पासूनची, अर्ध्या बॅचचं कोणी ना कोणी तिथे नोकरीला होतं. नोटेच्या नंबरची शाई त्या दिव्याखाली चमकते, कागदातले रंगीत धागेही. प्रश्न दोन भागात होता. पहिला, या प्रकाशाची ऊर्जा काढा. उत्तर ३२८ किलोज्यूल पर मोल, ते बहुतेकांना आलं. दुसरा, एवढी ऊर्जा शोषूनही शाईचा रेणू फुटत नाही, चमकतो, असं का? अपेक्षित हे की ३२८ हे कार्बन-कार्बनच्या ३४७ पेक्षा कमी आहे हे अर्धंच कारण, कारण शाईत याहून कमजोर बंधही असू शकतात; खरी गोष्ट ही की रेणू ती ऊर्जा बंधात पोचायच्या आत परत देऊन टाकतो, थोडी उष्णता म्हणून, उरलेली दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात, नॅनोसेकंदांत. दोघी-तिघींनी जवळपास हेच लिहिलं. बऱ्याच जणांनी ३२८ आणि ३४७ ची तुलना करून पुढे टिंबं दिली. आणि एकाने लिहिलं, कारण ती नाशिकरोडला छापलेली आहे. त्याला मी अर्धा मार्क दिला, आणि बाकीच्यांनी त्याच्यावरून अजून भांडण चालू ठेवलंय.